सतरा नंबरचा वॉल

साहेबांचा अर्धपुतळा बसवला तेव्हा
मी चौकात होतो, दोर धरायला.
चेनपुली मिरजेची, मूर्ती कोल्हापूरची,
वर्गणी पेठेतल्या हळदवाल्यांची.
पिवळ्या बोटांनी मोजलेल्या नोटा,
पावतीपुस्तकालाही हळदीचा वास.

मूर्तिकारानं चष्मा घडवला नाही.
म्हणाला, ब्राँझमध्ये काच दिसत नाही.
चष्म्याशिवाय साहेबांना
समोरचा रॉकेल डेपोही दिसला नसता.
आणि हे असं लांबवर, भविष्याकडं बिविष्याकडं बघताना
मी त्यांना कधी पाहिलं नाही.
ते खाली बघायचे. गटारात, चेंबरात,
माझ्या पायांकडं:
"दस्तगीर, गमबूट मिळाले नाहीत अजून?"

चौथऱ्यावर कोरलंय,
कै. रायगोंडा सातगोंडा उगारे,
माजी नगराध्यक्ष, जलदाते.
जलदाते!
वाचलं असतं तर हसले असते.
पाणी कृष्णेचं, पाइप बिडाचा,
चावी दस्तगीरच्या हातात,
मी कुठला दाता?

पहाटे साडेतीनला सायकलवर यायचे.
गल्लीच्या शेवटच्या नळाखाली
घरून आणलेला तांब्या धरायचे
आणि घड्याळ बघायचे.
तांब्या भरायला किती वेळ लागतो
त्यावर ठरायचं, त्या दिवशी हजामत कुणाची.

एक गोष्ट समितीला माहीत नव्हती.
म्हणजे होती,
पण नकाशा उलगडायला वेळ नव्हता, जयंती तोंडावर होती.
चौथरा बरोबर सतरा नंबरच्या वॉलवर आला.
मी सांगितलं इंजिनिअरला,
मग नगरसेवकाला, मग लेखी.
लेखीचं उत्तर आलं:
भावनेचा प्रश्न आहे.

वॉल निम्माच उघडा राहिला
काँक्रीटच्या पोटात.
कुंभार गल्लीच्या टोकाला धार करंगळीएवढी,
चौदा वर्षं.
बायका जयंतीला हार घालून यायच्या
आणि घरी येऊन नळाला शिव्या घालायच्या.

मग महापूर आला.
आयर्विन पुलाचा आकडा रेडिओ सांगायचा,
आमच्या पेठेचा आकडा पुतळा.
कोटाच्या खालच्या बटणाला आलंय.
खिशातल्या पेनाला लागलं.
रात्री कुणीतरी शाळेच्या गच्चीवरून ओरडलं,
साहेबांच्या हनुवटीला!
झोपलेले म्हातारे उठून बसले.
ओठांना नाही लागलं. तिथनं उतरलं.

गावभर पाणी येऊन गेलं
आणि प्यायला थेंब नाही.
चौथऱ्याची एक बाजू खचलेली,
फरशी सुटून वीतभर भगदाड.
मी रिटायर, साठी उलटलेली.
पण चावी घरात होती, पाच फुटी,
जमा करायची राहून गेली म्हणा.
पंप सुरू झाले त्या पहाटे
चिखलात पोटावर झोपलो.
बोंडाला चावी बसली. हलेना.
हलेना, हलेना, मग कुरकुरली.
साडेअकरा आटे मोजले, मोठ्यानं,
त्यांच्यापुढं मोजायचो तसे.
चावीचं वरचं टोक कानाला लावलं.
आत कुणीतरी घसा साफ केल्यासारखं झालं,
आणि मग सरळ, लांब, न थांबणारा आवाज.

महिन्याभरात भगदाड बुजवलं.
पुतळ्याला सोनेरी रंग दिला.
हनुवटीखालची गाळाची रेघ
राहू दे म्हणालो होतो रंगाऱ्याला.
त्यानं ती आधी पुसली.

कुंभार गल्लीत म्हणतात,
पुरानं पाइपातली घाण धुऊन नेली.
म्हणू देत.

जयंतीला मी जात नाही, भाषणं लांबतात.
आदल्या पहाटे जातो, साडेतीनला,
आणि चौथऱ्याला कान लावून उभा राहतो.
पेपर टाकणारं पोरगं परवा विचारत होतं,
चाचा, काय म्हणतात साहेब?
गप, म्हटलं,
तांब्या भरतोय.